भोवऱ्याची गल्ली

“ह्याला काय उंदरांनी कुरतडलंय?” हातातला शंख उलटासुलटा करत त्या बाईने विचारलं आणि ती हसली.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. कमरेला टोपली, हातात आकडीसारखं वाकवलेलं लोखंड. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून शिंपल्या खरवडून काढायचं तिचं काम चाललं होतं. आमचे हे काठावर उभे होते. वाळूतून इथवर चालत आल्याने त्यांची छाती भात्यासारखी हलत होती, पण परक्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखे ते ताठ उभे होते.

“उंदरांनी नाही, मी,” हे म्हणाले. “बटणं काढलीत त्यातून.”

“बटणं? ही अशी? शर्टाची?”

“शर्टाची, कोटाची. तुमच्या शर्टाचीही असतील.”

तिने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. “ही कसली, काका. ही प्लास्टिकची.”

“तेच ना. नाहीतर मी आज कामावर असतो. इथे कशाला तडमडलो असतो?”

ती पुन्हा हसली. तिने शंख डोळ्याला लावला आणि त्याच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. तो शंख होताच तसा बघण्याजोगा. तळाशी सपाट, वर निमुळता होत गेलेला, लहान मुलं फिरवतात तो भोवरा उलटा ठेवावा तसा. एका मुठीत मावायचा नाही. पांढऱ्या अंगावर तांबडे तिरके पट्टे, जसा कोणी रंगाचा कुंचला झटकून पुसला असावा. आणि त्या सगळ्या अंगभर गोल गोल भोकं. आमच्या कारखान्यात त्याला भोवराच म्हणत. बटणं काढून झाल्यावर असे भोकाभोकांचे शंख मागच्या अंगणात ढिगाने पडलेले असायचे. कारखाना बंद झाला तेव्हा ह्यांनी त्यातला एक उचलून आणला. घरून निघताना रुमालात गुंडाळून तोच बरोबर घेतला होता.

“हा जिवंत कुठे असतो, तेवढं सांगा,” हे म्हणाले. “मला तो त्याच्या घरी बघायचाय.”

एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ते पुरं व्हायला फार वेळ उरलेला नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांच्या छातीत शंखाची पूड बसली होती. आमची लेक ह्या समुद्रकाठच्या गावात दवाखान्यात नर्स आहे. तिनेच तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून आम्हाला बोलावून घेतलं. डॉक्टर तिच्याशी इंग्रजीत बोलले, तिने मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, आणि ह्यांना कोणीच काही सांगितलं नाही. पण हे काय कुकुलं बाळ होते? दवाखान्यातून बाहेर पडताना मला म्हणाले, “त्या डॉक्टरच्या गळ्यात ती चकती होती बघ. एक बटण निघेल. जाड कोटाचं.” आणि मग जिना उतरताना, माझ्याकडे न बघता, “आता समुद्र बघून घेऊ.”

आमचं गाव समुद्रापासून फार लांब. तिथे नदीसुद्धा वर्षातला निम्मा काळ कोरडी. तरी आमच्या गल्लीला समुद्राचा वास यायचा. शंखांची पोती उतरली की तो वास दोन-दोन दिवस कपड्यांतून जायचा नाही. मी कारखान्यात लागले तेव्हा नुकती मोठी झाले होते. बायकांच्या खोलीत बसून तयार बटणं पुठ्ठ्यावर ओळीने शिवायचं माझं काम. पुरुषांच्या खोलीत यंत्रं. प्रत्येक यंत्राला नळी, नळीच्या तोंडाला करवतीचे दात. शंख हाताने धरून त्या फिरत्या नळीवर दाबायचा, वरून पाण्याची धार. नळीतून चकती निघते, तिचं पुढे घासून, भोकं पाडून, चकाकी देऊन बटण होतं. पाण्याची धार जरा आटली की पांढरा धूर उठायचा. त्याला धूर म्हणायचे, पण ती पूड होती. संध्याकाळी पुरुष बाहेर येत तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. “म्हातारे सुटले, म्हातारे सुटले,” असं आम्ही पोरी म्हणायचो.

त्यातल्या एका म्हाताऱ्याशी माझं लग्न झालं.

ह्यांना कारखान्यात ‘काटा’ म्हणत, तराजूचा काटा. कारण हे शंखाकडे नुसतं बघून सांगत, ह्यातून बटणं किती निघतील. आधी नजर, मग अंगठा. शंख डाव्या हातात धरून उजवा अंगठा तळाच्या कडेवरून गोल फिरवायचे, पहिला घाव कुठे घालायचा ते शोधत. तो अंगठा एका जागी थांबला की मग यंत्र सुरू. सांगितलेला आकडा सहसा चुकत नसे, आणि चुकला तर दिवसभर कोणाशी बोलत नसत. ही सवय पुढे घरात शिरली. बशी असो, भाकरी असो, पाहुण्याचं टक्कल असो, ह्यांचं आपलं मनातल्या मनात मोजणं चालू. लेक जन्माला आली तेव्हा तिला हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, “खबरदार, काही बोलाल तर.” तर म्हणाले, “नाही बाई. ही अख्खीच ठेवायची.”

खरं बटण कसं ओळखायचं ते मला त्यांनीच शिकवलं. मी कामाला नवी होते. कोणीतरी गंमत म्हणून माझ्या डब्यात काही नकली बटणं मिसळली आणि मी तीही शिवून टाकली. मुकादम ओरडला. मी रडवेली होऊन पुठ्ठे उसवत बसले, तर हे दारात येऊन उभे राहिले. पांढऱ्या भुवयांचे. आत यायची पुरुषांना परवानगी नव्हती, म्हणून दारातूनच म्हणाले, “गालाला लावून बघ. थंडगार लागलं तर खरं. नकली लगेच गरम होतं, खऱ्याला वेळ लागतो.” मी लावून बघितलं. सगळ्या बायका खुसूखुसू हसायला लागल्या. हे तोवर निघूनही गेले होते.

ह्यांना एकच गोष्ट कळत नसे, आणि ती त्यांना टोचायची. शंख येतो कुठून? पोत्यांवर काळ्या शाईत काहीतरी छापलेलं असायचं. आम्हा दोघांनाही तेव्हा अक्षर कळत नव्हतं. मी शिकले ती फार पुढे, नातवंडांच्या पाटीवर. म्हणून हे मुकादमाला विचारायचे.

“हे येतात कुठून?”

“समुद्रातून.”

“ते समजलं. समुद्रात कुठून?”

“आता समुद्राला काय गल्ल्या असतात? समुद्रातून म्हणजे समुद्रातून. काम कर.”

घरी येऊन मला म्हणायचे, “गल्ल्या असणारच. आपल्या गावात सुतार एकीकडे, खाटीक दुसरीकडे. एवढ्या मोठ्या समुद्रात हा कुठेही पडून राहत असेल? ह्याची म्हणून एक जागा असणार.” मग स्वतःच ती जागा सांगायचे. स्वच्छ पाणी, खाली पांढरी वाळू, आणि वाळूवर हे तांबड्या पट्ट्यांचे भोवरे ओळीने बसलेले, दुकानात मांडल्यासारखे. लेक लहान असताना तिला झोपवताना हेच सांगायचे. इतक्या वेळा सांगितलं की आम्हा तिघांनाही ती जागा डोळ्यांनी बघितल्यासारखी झाली होती.

मग प्लास्टिकची बटणं आली. गोणीभर, सगळी एकसारखी, सगळे रंग. एकेक यंत्र थांबत गेलं. शेवटी मालकाने कुलूप लावलं आणि हे पुढे एका पिठाच्या गिरणीत राहिले. भुवया पांढऱ्याच राहिल्या.

आता ती बाई पाण्यातून बाहेर आली. शंख ह्यांच्या हातात देत म्हणाली, “हा इथे नाही मिळायचा, काका. इथे सगळी बारकी वस्ती. ते वर बघा, जिथे नुसते शिंतोडे उडतात, तिथे काळे मिरीएवढे दिसतात ना? ते त्यांचं. पाणी नसलं तरी दार लावून बसतात. मधल्या खडकांवर माझ्या शिंपल्या. आणि हा तुमचा, तो पार तिकडे.” तिने लोखंडाने समुद्राकडे दाखवलं. खडकांचा काळा पट्टा दूरवर गेला होता आणि त्याच्या टोकाला लाट फुटून पांढरी होत होती. “लाट फुटते त्या कडेला. त्याला आपटणारं पाणी लागतं. दगडावरचं शेवाळ खातो, कपारीला चिकटून असतो.”

ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा, जणू मुकादमावरचा दावा जिंकला.

“ऐकलंस? गल्ल्या असतात.”

“ऐकलं,” मी म्हटलं. “पण ती गल्ली केवढी लांब आहे ते बघा.”

लेक मागून चपला हातात घेऊन येत होती. तिने सगळं ऐकलं होतं. “बाबा, तिथवर नाही जायचं. दगड निसरडे आहेत, आणि तुम्हाला घरातून फाटकापर्यंत दम लागतो.”

“हो की,” ती बाई म्हणाली. “मीच एक आणून देते. ही गेले आणि ही आले.”

“नको,” हे म्हणाले. “आणलेले जन्मभर बघितले.”

लेक समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. मग तिने चपला एका दगडावर ठेवल्या, परत आली आणि ह्यांचा एक हात धरला. दुसरा मी धरला.

“पाणी वळलंय हं,” बाईने बजावलं. “तो चपटा खडक दिसतो ना, टेबलासारखा? त्याला पाणी लागलं की मागे फिरायचं. काकांना पटापटा चालता येणार नाही, तेव्हा विचार करत बसू नका.”

आम्ही निघालो. थोडं चालायचं, थांबायचं. थांबलं की हे डबक्यात डोकावून बघत. त्या खडकांत पाणी साचून राहिलं होतं, इतकं नितळ की तळाचा खडान्‌खडा दिसावा. एका ठिकाणी तांबडं काही चमकलं. हे वाकले. ते समुद्री गवताचं पान निघालं. दुसऱ्या ठिकाणी पांढरं दिसलं, ती फुटकी शिंपली. प्रत्येक वेळी वाकताना श्वास वर आणि उठताना खाली, असा त्यांचा आवाज यायचा. लेक मनगटावर बोटं ठेवून चालत होती. हात धरल्याचं निमित्त करून नाडी बघत होती.

“बाबा, बसा जरा.”

“तिथे गेल्यावर.”

“कोणाचं ऐकलंय कधी?”

“तुझ्या आईचं. एकदा. त्याचा परिणाम तू.”

लेक हसली आणि तिने नाक पुसलं.

कडेला पोचलो तेव्हा लाटेचा आवाज इतका होता की बोलणं ओरडून करावं लागे. अंगावर बारीक तुषार येत होते. इथले खडक मघासारखे गुळगुळीत नव्हते. खडबडीत, भोकाभोकांचे, हिरवट-तपकिरी शेवाळाने मढलेले. जिकडेतिकडे गाठी, उंचवटे, दगडाला दगड चिकटलेले. हे उभ्या उभ्या नजर फिरवत होते. त्यांची ती नजर, जिच्यातून कारखान्यातला शंख सुटत नसे. मीही बघत होते. तांबडे पट्टे कुठेच नव्हते. पांढरी वाळूही नव्हती.

“नाहीत,” हे म्हणाले.

“असतील. कपारीत असतील, ती म्हणाली ना.”

“कपारीत बघितलं. नाहीत गं. सगळे उचलून नेले असतील. आम्हीच तर पोतीच्या पोती…” पुढचं खोकल्यात गेलं.

खोकला थांबेना. आम्ही दोघींनी त्यांना धरून एका उंच खडकावर टेकवलं. लेक पाठ चोळत होती. मी मागे वळून पाहिलं, तर त्या टेबलासारख्या खडकाच्या कडेला पाणी वर येऊन खाली जात होतं. अजून वरून वाहत नव्हतं, पण लागलं होतं. लेकीनेही पाहिलं. आमची नजरानजर झाली. तिने मान हलवली, म्हणजे आता पुरे.

“अहो,” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “पाणी आलं. निघूया. उद्या परत येऊ.”

उद्या येणं व्हायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. खोकला शमला होता. उठण्यासाठी म्हणून त्यांनी उजवा हात शेजारच्या एका उंचवट्यावर टेकला होता. हिरवागार, शेवाळाने झाकलेला, वर चुन्याची पांढरी बुरशी धरलेला दगडाचा गोळा. आता हात रेटून उठतील असं वाटलं, म्हणून मी त्यांच्या काखेत हात घातला.

“थांब,” हे म्हणाले.

मला वाटलं, दम अडकला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण ते आपल्या हाताकडे बघत होते. मग मीही तिकडे पाहिलं. त्यांचा अंगठा हलत होता. त्या गोळ्याच्या तळाच्या कडेवरून हळूहळू, गोल. तो अंगठा मी ओळखते. संसारभर बघितलेला तो अंगठा पहिल्या घावाची जागा शोधत होता.

आणि एका जागी येऊन तो थांबला.

“हा,” हे म्हणाले.

लेक खाली बसली. मीही बसले. आता कळल्यावर दिसायला लागलं. तो सपाट तळ, तो निमुळता माथा. बाकी सगळं झाकलेलं. अंगावर शेवाळाची लव, त्यात वाळूचे कण, एका बाजूला नखाएवढी दुसरीच कसली तरी शिंपली चिकटून आपला संसार थाटून बसलेली. आमच्या कारखान्यात यायच्या आधी कोणीतरी, कुठेतरी ते सगळं खरवडून, उकडून, धुऊन काढत असणार. आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटायचं, तो जन्मतःच पोत्यातल्यासारखा असतो.

“बाबा, काखेत कळसा,” लेक म्हणाली.

“आणि ह्याच्याच शेजारी आणखी दोन,” मी म्हटलं. कारण एक ओळखल्यावर बाकीच्या गाठीही गाठी राहिल्या नव्हत्या. आम्ही त्यांच्या अंगणातच बसलो होतो.

ह्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. पाण्याचा एक पातळ पदर खडकावरून आला आणि गेला. त्याच्या मागोमाग तो शंख जरासा वर उचलला गेला. खालून गडद, मांसल काहीतरी दिसलं, आणि कडेने दोन बारीक मिशा बाहेर आल्या, चाचपत, आंधळ्याच्या काठीसारख्या. मग तो चालला. चालला म्हणजे काय, तीळ तीळ सरकला. जिथून सरकला तिथलं शेवाळ थोडं पुसट झालं होतं. तो जेवत होता.

हे त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांना शंखाकडे बघताना पाहिलंय, पण असं नाही. ओठ हलत नव्हते. मला राहवेना. त्यांना आवडेल म्हणून, सवयीने, मी विचारलं, “किती निघतील?”

त्यांनी डोकं थोडं कलतं करून पुन्हा एकदा नीट बघून घेतलं, कामावर बघायचे तसंच.

“एकही नाही,” ते म्हणाले.

आमच्या पायांना पाणी लागलं तेव्हा लेक उठली. मागून त्या बाईच्या हाका येत होत्या. हे उठताना त्यांनी खिशातला रुमाल काढून सोडला, तो भोकाभोकांचा शंख हातात घेतला आणि पाण्यावर धरला. मला वाटलं, आता इथे ठेवून देतील. पण त्यांनी तो पुन्हा रुमालात गुंडाळला.

“का हो?”

“ह्याला इथे कोण ओळखणार? हा आता आपल्यातला.”

परत येताना पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. ती बाई अर्ध्या वाटेपर्यंत सामोरी आली आणि ह्यांना तिने जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. वर दोन शिव्याही दिल्या, पण प्रेमाच्या. वाळूवर बसून ह्यांनी तिला विचारलं, “तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं, तो हिरवा असतो म्हणून?”

“अहो, तो हिरवाच असतो,” ती म्हणाली. “हे तुमचं तांबडं-पांढरं मी आज पहिल्यांदा बघितलं. मघाशी खालचा आकार बघून ओळखला.”

ह्यांना इतकं हसू आलं की पुन्हा खोकला लागला.

पुढच्या थंडीत हे गेले. आमच्याच घरी, दुपारी, चहा निवत ठेवून.

त्यांचे कपडे मी बरेच दिवस तसेच ठेवले होते. जे धड होते ते देऊन टाकले, आणि जुने शर्ट परवा फडक्यांसाठी फाडायला घेतले. फाडायच्या आधी बटणं काढून घ्यायची, ही आमची रीत. कात्रीने एकेक दोरा कापत होते. ह्यांच्या शर्टाला शेवटपर्यंत खरीच बटणं, मीच शिवलेली. एक उलटं करून बघितलं, तर मागच्या बाजूला तांबडी रेघ राहून गेलेली, केसाएवढी. मालाच्या पुठ्ठ्यावर असलं बटण चालत नसे. कामगार ते घरी आणत.

पूर्वी ती रेघ बघितली की मला बटणातली खोट दिसायची. आता तिच्यावरचं हिरवं दिसलं, आणि त्या हिरव्यावरून येऊन गेलेलं पाणी.

मी ते बटण गालाला लावलं. थंडगार होतं. खऱ्याला वेळ लागतो. मी थांबले.